फितीवरचा भूतकाळ आणि वरूडच्या विहिरी

वरूड तालुक्यात पाण्याचा विषय निघाला की बोलणे 'पूर्वी' या शब्दाशी येऊन थांबते. पूर्वी विहिरींना बारमाही पाणी असे, पूर्वी बागा अमुक शिवारापर्यंतच होत्या, पूर्वी बोअर ही श्रीमंताची चैन होती. विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणून ज्या वरूड-मोर्शी पट्ट्याचा गौरव केला जातो, त्याच पट्ट्याचे नाव भूजलाच्या सरकारी मूल्यांकनात अतिउपशाच्या यादीत अनेकदा आले आहे. संत्र्याने वैभव दिले आणि संत्र्यानेच पाताळातले पाणी ओढले, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष पावसाला दोष देतो. तिसरा म्हणतो की, सातपुड्याच्या उतारावरचे जंगल गेले आणि पाणी मुरणे थांबले. तिन्ही पक्ष आपापल्या आठवणींचे हवाले देतात; आणि आठवण ही साक्ष असली तरी मोजमाप नव्हे.

वास्तविक या वादाचा निदान एक भाग मोजून सोडवता येण्याजोगा आहे. बाग कोणत्या वर्षी कुठवर पसरली होती, हे ठाऊक झाले तर उपशाचा अंदाज बांधता येतो. सातबाऱ्यावरील पीकपेऱ्याची नोंद त्यासाठीच असते. पण पीकपाहणी किती वेळा बांधावर झाली आणि किती वेळा चावडीत बसून झाली, हे खेड्यातल्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. मग उरतो एक त्रयस्थ साक्षीदार, ज्याला ना सारा चुकवायचा होता ना अनुदान लाटायचे होते. तो आकाशातून पाहत होता.

अमेरिकेने पृथ्वीच्या पाहणीसाठी सोडलेला लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी अवकाशात गेला. महाराष्ट्राच्या स्मृतीत ते वर्ष दुष्काळाचे आहे. भारतात त्या वेळी हे संदेश झेलणारे केंद्र नव्हते. दूरदेशींची निरीक्षणे उपग्रह स्वतःजवळच्या चुंबकीय फितीवर उतरवून घेई आणि अमेरिकेतील केंद्रावरून जाताना खाली पाठवी. १९७९ साली हैदराबादजवळ शादनगर येथे राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेचे केंद्र सुरू झाले आणि लँडसॅटचे संदेश थेट भारतात उतरू लागले. १७ मार्च १९८८ रोजी भारताचा स्वतःचा आयआरएस-१ए हा उपग्रह सोव्हिएत संघातील बैकानूर येथून सोडण्यात आला. या सर्व काळात उपग्रहाने पाहिलेले जे जे भूमीवर उतरले, ते फितीवर उतरले. अभ्यासकांना आणि सरकारी खात्यांना ते मिळे तेही एक तर छापील चित्राच्या रूपात किंवा संगणकाच्या फितीच्या रूपात.

छापील चित्रे स्वस्त पडत; म्हणून त्या दशकातील बहुतेक नकाशे लाल रंगात हिरवळ दाखवणाऱ्या त्या चित्रांवर पारदर्शक कागद ठेवून डोळ्यांनी पाहून काढले गेले. परंतु चित्रात जे दिसते त्याहून कितीतरी अधिक फितीत असते. फितीवर चित्र नसतेच. असतात ते आकडे, जमिनीच्या एकेका तुकड्याने किती प्रकाश परत फेकला याचे. लँडसॅटच्या जुन्या यंत्राचा एक तुकडा सुमारे ७९ मीटर लांब-रुंद, म्हणजे साधारण दीड एकराचा. आयआरएस-१ए वरील दुसऱ्या प्रकारच्या कॅमेऱ्याचा तुकडा ३६.२५ मीटरचा, म्हणजे एकराचा जेमतेम तिसरा हिस्सा. दोन एकरांची एकटी बाग पहिल्यात हरवून जाईल, हे मान्य केले पाहिजे. तथापि संत्र्याचे झाड वर्षभर हिरवे असते. एप्रिलअखेर, जेव्हा कपाशी-तुरीची शेते उलंगून गेलेली असतात, गहू-हरभरा घरात आलेला असतो आणि काळी माती उघडी पडलेली असते, तेव्हा ओलिताखालचा बागपट्टा त्या आकड्यांत स्पष्ट वेगळा उमटतो. दर काही वर्षांचा उन्हाळा घेतला आणि शेजारी शेजारी ठेवला, तर बागा कोणत्या बाजूने कशा सरकत गेल्या ते दिसेल. १९८० चा उन्हाळा पुन्हा पाहण्यासाठी कितीही पैसा खर्च केला तरी आज उपग्रह पाठवता येणार नाही.

मग अडचण काय? अडचण फितीचीच आहे.

त्या काळची संगणकाची फीत म्हणजे अर्धा इंच रुंदीची, चाकावर गुंडाळलेली, मोठ्या चाकावर २,४०० फूट लांब असलेली प्लॅस्टिकची पट्टी. तिच्या एका बाजूस लोखंडाच्या भस्माचा लेप. आयबीएमने १९६४ साली आणलेल्या सिस्टिम ३६० या संगणकमालेपासून नऊ ओळींची फीत रूढ झाली. आठ ओळींत अक्षर आणि नवव्या ओळीत त्या आठांचा ताळा. दर इंचास १,६०० अक्षरे या घनतेने लिहिलेल्या एका चाकावर चार कोटींच्या आसपास अक्षरे मावत. आज हातातल्या मोबाइलने काढलेली दहा-बारा छायाचित्रे तेवढी जागा खातात. तेव्हा जागा ही आता सबब राहिलेली नाही. शेकडो चाके एका हाताच्या पंजात मावणाऱ्या तबकडीवर बसतील.

पण उतरवायची कशी? नऊ ओळींची फीत वाचणारी यंत्रे कारखान्यांतून निघणे केव्हाच थांबले. जी आहेत त्यांचे रबरी रूळ वितळून चिकट झालेले, पट्टे ताणलेले, आणि ती दुरुस्त करणारे हात निवृत्त झालेले. शिवाय फीतही स्वस्थ बसलेली नसते. लोखंडाचा लेप ज्या डिंकासारख्या द्रव्याने प्लॅस्टिकला धरून ठेवलेला असतो, ते हवेतील ओलावा शोषून घेते, मऊ पडते आणि वाचताना यंत्राच्या डोक्याला चिकटते. लेप खरवडला जातो आणि त्याबरोबर मजकूरही. अशा फितीला मंद आचेवर, पन्नास-पंचावन्न अंशांवर, कित्येक तास नियंत्रित भट्टीत शेकून तात्पुरते वाचनयोग्य करतात. (वऱ्हाडच्या मे महिन्यात हे काम सूर्यच करील, असे कोणी विनोदाने म्हणेल, पण मेच्या पाठोपाठ मृगाची दमट हवा येते, आणि फितीचा घात तीच करते.) तात्पर्य, पहिले वाचन हेच अनेकदा शेवटचे वाचन ठरते. म्हणून ते कसे करावे याला महत्त्व येते.

येथे कचेरीतल्या माणसाला परिचित असलेला एक भेद उपयोगी पडेल. भूमिअभिलेख कार्यालयातून 'उतारा' मिळतो आणि 'खरी नक्कल' मिळते. उताऱ्यात कामापुरता मजकूर असतो. खऱ्या नकलेत मूळ कागदावरील खाडाखोड, समासातील शेरा, अस्पष्ट असलेले अक्षर, सारे जसेच्या तसे यावे लागते. फितीच्या बाबतीत बहुतेक कार्यालयांनी, जेव्हा काही केलेच तेव्हा, उतारे घेतले: त्या वेळच्या कामास लागणारा मजकूर नव्या यंत्रावर घेतला आणि चाक कपाटात टाकले. जाणकार आज आग्रह धरतात तो खऱ्या नकलेचा. तिला ते टेप इमेज म्हणतात. फितीवरील मजकूर सलग नसतो. तो ठोकळ्याठोकळ्यांनी लिहिलेला असतो, दोन ठोकळ्यांमध्ये अर्ध्या इंचाहून थोडी अधिक कोरी फीत सोडलेली असते आणि एक प्रकरण संपले की विशिष्ट खूण असते. चांगल्या इमेजमध्ये प्रत्येक ठोकळ्याच्या आधी आणि नंतर त्याची लांबी लिहितात, प्रत्येक खूण नोंदवतात, जेथे वाचनात चूक आली तेथे चूक आली असे लिहून ठेवतात. हा काटेकोरपणा काहींना फाजील वाटेल. पण उपग्रहाच्या फितीत चित्राची एकेक ओळ हा ठोकळा असला आणि ठोकळ्यांच्या लांबीची नोंद राहिली नाही, तर ओळी एकमेकींवरून घसरतात आणि वर्धेचे पात्र तिरक्या पट्ट्यांत विखरून जाते. आकडे सगळे हाती असतात, नकाशा मात्र नसतो.

काही ठिकाणी याही पुढे जाऊन यंत्राच्या डोक्यात उमटणारी विजेची मूळ लहरच टिपून ठेवली जाते आणि तिच्यातून अक्षरे काढण्याचे काम नंतर सावकाश संगणकाच्या आज्ञावलीकडून करवून घेतात. युनिक्स या प्रसिद्ध प्रणालीच्या चौथ्या आवृत्तीची, १९७३ सालची फीत अमेरिकेतील यूटा विद्यापीठात सापडली आणि २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयात याच रीतीने वाचली गेली. फीत एकदाच फिरवायची आणि अर्थ लावण्याच्या चुका हव्या तेवढ्या वेळा दुरुस्त करायच्या, असा त्यातला हिशेब आहे.

उलट दिशेचे कामही आहे आणि ते अनेकांना निरर्थक वाटते: तबकडीवरची इमेज पुन्हा कोऱ्या फितीवर लिहिणे. वाचवलेले परत त्याच धोक्यात कशाला घालायचे? जुने संगणक चालू स्थितीत जपणाऱ्या संग्रहालयांना ते यंत्र जागे करण्यासाठी फीतच लागते, हे एक कारण. पण त्याहून व्यवहाराचे कारण वेगळे आहे. दुरुस्त केलेले यंत्र भरवशाचे आहे की नाही हे मौल्यवान फितीवर आजमावून पाहता येत नाही. म्हणून ज्ञात मजकुराची इमेज कोऱ्या फितीवर लिहायची, त्याच यंत्राने ती परत वाचायची आणि दोन्ही प्रती अक्षरशः ताडून पाहायच्या. ताळा जमला तरच मूळ चाक यंत्रावर चढवायचे. आणि चढवताना त्याच्या पाठीमागची प्लॅस्टिकची कडी काढलेली आहे ना हे पाहायचे, कारण कडी असली तर यंत्र त्या फितीवर लिहूही शकते. जमाखर्चाचा ताळा घेतल्याशिवाय सही न करणाऱ्या जुन्या हेडक्लार्कला ही शिस्त नवी वाटणार नाही.

नकलेचा प्रश्न या भूमीला तर मुळीच नवा नाही. शेजारच्या मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर हे महानुभावांचे महास्थान. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानले जाणारे 'लीळाचरित्र' तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्याने पाहिले-ऐकले त्याच्याकडून पडताळून घेऊन सिद्ध केले. पुढे खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली आणि शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली, असे पंथाची परंपरा सांगते. म्हणूनच त्या ग्रंथाचे एकाहून अधिक पाठ झाले. मूळ एकच आणि नक्कल एकही नाही, याचे मोल संशोधकांना आजवर द्यावे लागत आहे. त्याच पंथाच्या इतिहासात दुसरीही गोष्ट आहे. पोथ्या सकळ लिपीत आणि तिच्यासारख्या इतर सांकेतिक लिप्यांत लिहिल्या गेल्या. कागद शाबूत, शाई शाबूत, अक्षर देखणे. परंतु किल्ली मठांत असल्यामुळे शतकानुशतके बाहेरच्या वाचकाला त्या मुक्या होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे ती किल्ली बाहेर आली आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचे आरंभीचे प्रकरणच बदलले.

फितीलाही अशी किल्ली लागते. अक्षरे आयबीएमच्या संकेताने लिहिली आहेत की इतरांच्या, एक आकडा किती अक्षरांत मांडला आहे, उपग्रहाचे चार रंगपट्टे ओळीगणिक एकत्र आहेत की एकामागून एक, हे फितीवर लिहिलेले असेलच असे नाही. ते असते एखाद्या पुस्तिकेत, आणि पुस्तिका असते ज्या माणसाच्या टेबलाच्या खणात, तो केव्हाच निवृत्त झालेला असतो. मंगळावर १९७६ साली उतरलेल्या व्हायकिंग यानांच्या जीवशोधाच्या प्रयोगांची मूळ माहिती १९९९ साली एका अमेरिकन शास्त्रज्ञाने नासाकडे मागितली. माहिती होती, तिची रचना कोणाला आठवत नव्हती. अखेर जुन्या कागदी छापील प्रतींवरून काम भागवावे लागले. चंद्रावर माणूस उतरल्याच्या पहिल्या दृश्यांच्या मूळ फितींची कथा याहून खेदजनक. नासाने २००६ पासून त्या शोधल्या आणि २००९ मध्ये निष्कर्ष काढला की त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या; कारण १९८० च्या दशकाच्या आरंभी फितींची टंचाई होती. ही टंचाई लँडसॅटच्या कामालाच अधिक जाणवत होती! एक भूतकाळ पुसून दुसरा लिहिला गेला, असे म्हणावे लागते.

याउलट चंद्राभोवती १९६६-६७ मध्ये फिरलेल्या लूनर ऑर्बिटर यानांच्या सुमारे १,५०० फिती वाचल्या, त्या नॅन्सी इव्हान्स या अभिलेखपाल बाईंच्या हट्टामुळे. त्यांनी फिती नष्ट होऊ दिल्या नाहीत आणि त्या वाचणारी अवजड यंत्रे मिळवून स्वतःच्या गॅरेजात वर्षानुवर्षे ठेवली. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात, नासाच्या आवारातील एका बंद पडलेल्या उपाहारगृहात, ती यंत्रे दुरुस्त करून त्या फितींतून चित्रे काढण्यात आली. आणि १९६६ मध्ये जी निघाली होती त्याहून ती कितीतरी सरस निघाली. मोठमोठ्या संस्थांचे काम शेवटी कोणाच्या तरी गॅरेजवर अवलंबून राहावे, हे भूषणावह नाही. पण गॅरेज होते म्हणून काम झाले, हेही खरे.

आता घरच्या स्थितीकडे वळावे. शादनगरच्या संस्थेने, जी २००८ पासून इस्रोच्या अधिपत्याखाली राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र झाली आहे, आपल्या उपग्रहांची बरीच माहिती 'भूनिधी' या नावाने अभ्यासकांना खुली केली आहे. अमेरिकेनेही लँडसॅटचा साठा २००८ मध्ये विनामूल्य केला. हे स्वागतार्ह आहे, आणि वरूडच्या महाविद्यालयातील भूगोलाच्या विद्यार्थ्याने तेथूनच आरंभ करावा. परंतु मध्यवर्ती साठ्यात कच्चा माल असतो. त्यावर जिल्ह्यांच्या, खात्यांच्या, विद्यापीठांच्या पातळीवर जे काम झाले, ज्या शिवारात कोणते पीक होते हे प्रत्यक्ष पाहून जे वर्गीकरण केले गेले, ते ज्याचे त्याच्याकडे राहिले. कोणाकडे किती चाके आहेत याची यादी मागितली तर ती कोठून मिळणार? कारण सरकारी कार्यालयात फीत ही जडसंग्रह नोंदवहीत चढते. 'चुंबकीय फीत, नग अमुक, किंमत अमुक' अशी तिची नोंद होते. खुर्ची, टेबल, पंखा यांच्या रांगेत. यथावकाश ती निरुपयोगी ठरते, तिचे रीतसर निर्लेखन होते आणि भंगारवाला वजनावर नेतो. यात कोणी नियम मोडलेला नसतो. अभिलेखकक्षातील कागदाला 'अ' वर्ग लाभला तर तो कायम जपला जातो, 'ड' वर्ग लाभला तर वर्षभराने जातो. पण निदान कोणी तरी तो वाचून वर्ग ठरवतो. फितीवरच्या मजकुराला वर्गच नाही, कारण नोंदवहीच्या दृष्टीने तेथे मजकूर नाही, वस्तू आहे.

कायदा मात्र तसे म्हणत नाही. केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने अभिलेखाच्या व्याख्येत संगणकाने निर्माण केलेल्या सामग्रीचाही समावेश केला आहे आणि महाराष्ट्राचा स्वतंत्र अधिनियम २००५ चा आहे. तेव्हा फितीचे चाक जडसंग्रहातून काढण्यापूर्वी त्यावरील मजकुराचे काय केले, हा प्रश्न लेखापरीक्षणात विचारला जाणे अशक्य नाही. तो विचारला जात नाही, एवढेच.

एक विरोधाभास या निमित्ताने लक्षात घेण्याजोगा आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७० च्या दशकापासून निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजत आली आहे. कोणी तरी कर्मचारी उन्हातान्हात जाऊन विहिरीत टेप सोडी, म्हणजे मोजपट्टीची टेप, आणि आकडा वहीत मांडी. त्या काळच्या वहीचे पान उघडले तर आज तो आकडा कोणालाही वाचता येईल. त्याच काळात आकाशातून त्याच शिवाराचा घेतलेला आकडा, ज्यावर कितीतरी पट अधिक खर्च झाला, तो वाचण्यासाठी भट्टी, यंत्र, पुस्तिका आणि नशीब लागते. वहीतले पाणी आणि फितीवरची बाग एकत्र आली तरच वरूडच्या वादाला उत्तर मिळण्याची शक्यता आहे. एकट्या वहीतून पातळी खाली गेली एवढेच कळते, का गेली ते नाही.

या कामाला खर्च येईल आणि तो टँकरच्या खर्चातून वळवावा असे कोणी म्हणणार नाही. प्रत्येक चाक वाचवण्याचेही कारण नाही; जुन्या पगारपत्रकांच्या फिती गेल्या तर समाजाचे काही अडत नाही. परंतु निवड करण्यासाठी आधी यादी हवी, आणि यादीला यंत्र लागत नाही. चाकावरची चिठ्ठी वाचून वर्ष, उपग्रह, घनता, कोणत्या संगणकावर लिहिली, एवढे वहीत उतरवणे हे एका कारकुनाचे आणि दोन विद्यार्थ्यांचे उन्हाळी सुटीतले काम आहे. फीत उभी ठेवावी, आडवी रचू नये. लोखंडी कपाट चालेल, पण गळक्या छताखाली नको. वाचनाचे काम एकेका कार्यालयाने करण्याजोगे नाही. नागपुरास सुदूर संवेदनाच्या केंद्र आणि राज्य अशा दोन्ही शासनांच्या संस्था आहेत, तेथे एक चांगले यंत्र आणि ते चालवणारी दोन माणसे बसली तर साऱ्या विदर्भाचे काम होईल. इमेज तयार झाली की तिची एक प्रत तेथे, एक विद्यापीठात आणि एक तिसऱ्याच गावी असावी. आणि ती कोणत्या तबकडीवर आहे याचे समाधान मानून थांबता येणार नाही. मोठी साठवण आजही फितीवरच होते. त्या नव्या फितींची यंत्रेसुद्धा एक-दोन पिढ्यांमागचेच वाचतात, म्हणजे दर आठ-दहा वर्षांनी नक्कल पुन्हा करणे आले.

निवृत्त माणसांचे काय, हा या साऱ्यातला तातडीचा भाग आहे. १९८० च्या दशकात ज्यांनी ही चाके यंत्रावर चढवली ते आज सत्तरीच्या घरात आहेत. कोणत्या चिठ्ठीवरील कोणत्या आकड्याचा अर्थ काय, 'सुधारित' असे लिहिलेली फीत पहिली की दुसरी, हे त्यांना अजून आठवते. त्यांच्याकडे वही घेऊन जायला परिपत्रक निघण्याची वाट पाहावी लागत नाही.